तळाचं माप

रंकाळ्याच्या तळाशी एक राज्य आहे.
मे महिन्यात पाणी उतरलं की
संध्यामठाच्या अंगाला शेवटची पायरी उघडी पडते,
तिच्याखाली त्यांचा दरवाजा.
राजा बदलला की सुभाषनगरातून
आमच्या घरातल्या एकानं दोरा घेऊन खाली जायचं,
पायाला लावायचा, गाठ मारायची,
वर यायचं. बाकी काही बघायचं नाही.

सासऱ्यांनी एकाच दोऱ्यावर सात राजे बांधले.
सातही गाठी जवळजवळ एका जागी,
बोट फिरवलं तर एकच मोठी लागते.
"बापाचाच पाय असतोय पोराला," म्हणायचे,
"आपण कातडं तेवढं नवं कापायचं."

मग खाली ठरलं : राजा निवडायचा.
ज्यानं त्यानं एकेक खडा टाकायचा,
ज्याचा ढीग मोठा, त्याची गादी.
दवंडी बुडबुड्यांतून वर आली.
काठावरच्या भेळेच्या गाड्यांना ऐकू गेली नाही.
सासरे तोवर अंथरुणाला खिळलेले,
म्हणून मी गेले.

गादीवर येमाजी.
परवापर्यंत पालखीच्या उजव्या दांडीचा भोई.
खांद्यावरचा घट्टा तसाच, पेरूएवढा,
त्यावरून जरीचा अंगरखा नीट बसेना.
पाय पुढं करायला लाजला.
पसरट पाय, भेगांत शेवाळ.
साती गाठी ओलांडून
दोरा दोन बोटं पुढं गेला.
खरं सांगते, तिथं गाठ मारताना
माझा हात हलला.

"वाजणारी नको," तो म्हणाला.
"म्या आलो हे कुणाला
वाकून कळाय नको."
दोन तळांच्या मधी आम्ही विंचवाचं बी घालतो,
त्यानं चप्पल करकरते.
त्या जोडीत घातलं नाही.
मुकी चप्पल. आयुष्यात पहिल्यांदा शिवली,
आणि वेणी घालताना
उगाचच गुणगुणत होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात सांगावा आला.
"गर्दी लई असती. वाट सोडत न्हाईत.
जरा वाजली तर बरं."
जरा म्हणजे किती, मी विचारलं.
त्यानं प्रधानाकडं बघितलं.
प्रधान तोच, सात राजांपासूनचा,
त्याचं माप कधी कुणी घेतलं नाही.
"दोन बिया," प्रधान म्हणाला.

पाचव्या उन्हाळ्यात परत खडे पडले,
परत येमाजीच.
नवी जोडी, नवं माप.
दोरा लावला तर टाच
सासऱ्यांच्या गाठीपाशी थांबली.
पाय आक्रसला का सूत ताणलं,
मी दोनदा लावून बघितलं.
घट्टाही उतरला होता. अंगरखा छान बसलेला.

बाहेर पालखी टेकवून चार भोई बसलेले.
उजव्या दांडीचं पोरगं कोवळं, खांदा सुजलेला.
मी म्हटलं, काय मिळालं रे खडा टाकून?
ते म्हणालं, "पयला राजा कोन हुता,
माज्या बाला नाव ठावं नव्हतं.
ह्याचं नाव मला ठावं हाय.
आईनं खडा टाकलाय त्याला.
पुढच्या खेपंला न्हाई टाकनार, म्हणतीया."
आणि चारचौघांत, प्रधानासमोर,
खांदा खाजवला.
मग माझ्या अनवाणी पायांकडं बघून विचारलं,
"आनि वर कसं हाय, मावशी?"

वरचं नको विचारू, म्हटलं,
आणि पायऱ्या चढले.

घरी दोरा खुंटीला अडकवला.
सून म्हणाली, आत्या, ही एकच गाठ लांब का?
चुकली असंल. सोडू का?
मी जवळ जाऊन चाचपली.
पाण्यात भिजून दगड झालेली.
राहू दे, म्हटलं.
आणि त्या मापाचं एक कातडं
वेगळं काढून ठेव.
बी नको घालूस.